फितुराला खांदा

आमची लेसामावशी भित्री होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण हल्ली आमच्या गावात, ग्राइगलासमध्ये, तिच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकून कुणालाही वाटेल की बाई जन्मतःच वाघीण होती. तसं काही नव्हतं. शेजारच्या मळ्यातली बदकं रस्त्यावर आली की ती लांबचा वळसा घालून घरी जायची. चॅपलमध्ये रविवारी एकेकानं उठून पाठ केलेलं वचन म्हणायचं असतं. पंधराव्या वर्षी ती उठली, तोंड उघडलं आणि दातखीळ बसली. सगळं चॅपल वाट बघत राहिलं. ती तशीच खाली बसली, आणि पुढची तीस वर्षं चारचौघांत तिनं तोंड म्हणून उघडलं नाही. गाण्याच्या बाबतीतही आनंदच. आमच्या खोऱ्यात पाळण्यातलं पोरही सुरात रडतं म्हणतात. मावशीला मात्र सूर कधी सापडला नाही. सगळे गायला लागले की ती नुसते ओठ हलवायची.

एक काम मात्र ती बिनघोर करायची. गावात कुणी गेलं की लोक तिला बोलावत. ती बाह्या सारून, गरम पाण्याचं भांडं घेऊन आत जायची आणि दार लोटून घ्यायची. मढं धुवायचं, केस विंचरायचे, हात छातीवर जुळवायचे, स्वच्छ पांढरा सदरा घालायचा. हे काम तिच्याकडे आजीकडून आलं होतं. मी एकदा विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

"मेलेल्यांची कसली ग भीती," ती म्हणाली. "ते उलटून बोलत नाहीत."

संप सुरू झाला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आमच्या गावाचं पोट खाणीवर. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेला, आणि प्रत्येक पायरीवर चार-चार माणसांच्या टोळीला कड्याचा एक तुकडा दिलेला. तिथला दगड फोडायचा, त्यातून छपरावर घालायच्या पाट्या करायच्या. मालकानं युनियन मोडायला काढली आणि माणसं खाणीबाहेर आली. पहिल्या हिवाळ्यातच निम्मे पुरुष दक्षिणेकडे कोळशाच्या खाणीत गेले. मावशीचे यजमान ह्यूकाका त्यांतच. मागे राहिलेल्या घरांच्या खिडक्यांत छापील कार्ड लागली: या घरात फितूर नाही. मावशीच्या खिडकीत होतं, आमच्याही होतं. ते कार्ड पुसायला आई आठवड्यातून एकदा काच उघडायची.

चौदाव्या महिन्यात एवन पारी कामावर परत गेला.

तो काही पहिला नव्हता. पण आधी गेलेले बहुतेक खालच्या गावातले किंवा बाहेरचे होते. एवन आमच्या चॅपलचा, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा. का गेला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मॅनेजरनं त्याला जागा दिली ती नेमकी ह्यूकाकांची. वीस वर्षं ह्यूकाकांनी ज्या कड्यावर हाडं झिजवली, तिथं आता एवनचा घण पडायला लागला.

त्या दिवसापासून गावानं एवनच्या घराला वाळीत टाकलं. दुकानदार त्याच्या बायकोला, जिनीला, दिसत नसल्यासारखा तिच्या डोक्यावरून बघायचा. संध्याकाळी खाणीचा भोंगा झाला की आम्ही बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहायचो. एवन खाली मान घालून मधून जायचा आणि आम्ही पातेल्यांची झाकणं बडवायचो, हुर्यो करायचो. मी बडवायचे. खोटं कशाला सांगू, मजा यायची. मावशी झाकण आणायची नाही, पण ती तिथं असायची, आणि एकदा एवन समोरून जाताना ती त्याच्या पायापाशी थुंकली. मी पाहिलं. एवननंही पाहिलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी भोंगा अवेळी वाजला. अवेळी भोंगा म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळ्या बाया दारात आल्या. थोड्या वेळानं बातमी आली: कड्याचा वरचा तुकडा सुटला, एवन पारी खाली सापडला. जागच्या जागी गेला.

आमच्या समोरची बाई म्हणाली, "देवाच्या घरी न्याय आहे," आणि आत जाऊन तिनं दार लावलं.

संध्याकाळी ग्रिफिथ एलिस मावशीकडे आला. तो चॅपलचा मोठा डीकन, म्हणजे कारभारी, आणि संपाच्या कमिटीचा सेक्रेटरीही तोच. साठीचा, ताठ कण्याचा माणूस. सोळा महिने गावाला त्यानंच धरून ठेवलं होतं. स्वतःच्या घरात चहा करायला साखर नव्हती, पण आलेल्या मदतीतला एक चमचा त्यानं जास्त घेतला नव्हता. त्याचा शब्द खाली पडत नसे. मी आणि आई तेव्हा मावशीकडेच होतो.

तो उभ्याउभ्याच बोलला. "लेसा, कमिटीचं ठरलं आहे. एवनच्या घरी कुणी जायचं नाही. मढं धुवायला नाही, खांदा द्यायला नाही. चॅपल उघडणार नाही."

मावशीनं होकारार्थी मान हलवली.

"तुला वेगळं सांगायला नको म्हणा," तो जरा मऊ होऊन म्हणाला. "ह्यूच्या जागेवर मेला तो. या गावात त्याचा राग कुणाला यायला हवा असेल तर तो तुलाच."

"हो," मावशी म्हणाली.

तो गेल्यावर आईनं ताकात ओटची भाकरी कुस्करली आणि आम्ही जेवायला बसलो. मावशीनं चमचा उचलला नाही. तिच्या घरापासून एवनचं घर सहा दारं सोडून. त्या बाजूनं बादलीचा आवाज आला, पाणी ओतल्याचा. जिनी एकटीच धुवत होती. मावशी तो आवाज ऐकत बसून राहिली, आणि गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे लाकडं घेऊन गेले तर ती कालच्याच कपड्यांत चुलीपुढं बसलेली. मांडीवर एक पत्र होतं.

"कात्रिन, दार लाव," ती म्हणाली. "हे वाच."

ह्यूकाकांचं पत्र होतं, फेब्रुवारीतलं. आपली जागा एवनला मिळाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्याबद्दल दोनच ओळी. मग लिहिलं होतं: आपल्या जागेच्या वर, उजव्या अंगाला, संपाच्या आधीच भेग पडली होती. आता दोन हिवाळे त्यात पाणी जाऊन गोठलं असेल. तो दगड आधी पाडून घेतल्याशिवाय खाली उभं राहणं म्हणजे मरण. पुढे कोंबड्या कशा आहेत वगैरे विचारलं होतं.

मी वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"महिना झाला हे येऊन," मावशी म्हणाली. "मी वाचलं, घडी घातली, डब्यात ठेवलं. जिनी विहिरीवर भेटायची. एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंड फिरवून पाणी भरायचे."

"पण तुला काय माहीत, की..."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "वाचता येतं मला."

मी म्हटलं, "मावशी, तो फितूर होता."

"होता. मी त्याच्यावर थुंकले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण दगड पडावा असं मी म्हटलं नव्हतं ग." मग थोडं थांबून, "की म्हटलं होतं? रात्रभर तेच शोधतेय, आणि सापडत नाही."

ती उठली. तोंडावर पाणी मारलं, बाह्या सारल्या, खुंटीवरचा धुतलेला एप्रन बांधला. गाठ तिला बसेना, ती मी मारली. म्हणाली, "प्रभूला क्रुसावर मारलं तेव्हा त्याचे स्वतःचे शिष्य पळाले. भीतीनंच पळाले, माझ्यासारखे. पण एक जण शव मागायला गेला. तोही आधी भिऊन लपूनछपूनच प्रभूला मानत होता म्हणतात. लहानपणापासून ऐकतेय ही गोष्ट. मला वाटायचं, तो कुणीतरी मोठा माणूस असणार."

भर सकाळी, सगळ्या गल्लीच्या देखत, ती गरम पाण्याचं भांडं घेऊन निघाली. सहा दारं. प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं. मी तिच्या दारातच थांबले. तिच्याबरोबर गेले नाही.

जिनीनं दार उघडलं, पण वाट सोडली नाही. तिशीतली बाई, एका रात्रीत पन्नाशीची दिसत होती.

"आज आलात?" ती म्हणाली. "काल मी एकटीनं केलं. त्याची पाठ धुवायला मला तो उलटवेना. उद्या यायचं होतंत."

"काल मला धीर झाला नाही," मावशी म्हणाली.

"आज झाला?"

"आजही नाही. पाणी गार होतंय, जिनी. आत घे."

जिनी बाजूला झाली. दार लागलं. मावशी आत दोन तास होती. आत काय झालं ते पुढे तिनंच मला सांगितलं: आधी तिनं पाठ धुतली. मग पत्राची गोष्ट सांगितली. जिनी एवढंच म्हणाली की त्याचा सदरा वर चढवा, गळ्यापाशी जखम दिसतेय.

मावशी परत आली तेव्हा तिच्या खिडकीच्या काचेवर शेण फासलेलं होतं आणि आतलं कार्ड कुणीतरी काढून नेलं होतं.

गुरुवारी ग्रिफिथ एलिस पुन्हा आला. या वेळी तो दाराबाहेर उभा राहिला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मी तुला सांगितलं होतं, लेसा."

"हो."

"तू मान हलवली होतीस."

"हलवली होती. ते चुकलं माझं."

"आपल्याकडे एकीशिवाय दुसरं काय आहे? मालकाकडे पैसा आहे, पोलीस आहेत, सोल्जर आहेत. आपल्याकडे फक्त एवढंच, की कुणी फुटत नाही. आज तू मढं धुतलंस, उद्या कुणी त्याच्या बायकोला पाव देईल, परवा कुणाचा तरी नवरा म्हणेल, मग कामावर जायला काय हरकत आहे? ह्यू तिकडे कोळशाच्या धुळीत कशासाठी मरतोय?"

खरं सांगते, त्याचं बोलणं मला पटत होतं. आजही मला ते खोटं वाटत नाही.

मावशीनं एप्रनला हात पुसले. "ग्रिफिथ एलिस, मी संपाच्या बाजूची आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तो पुढे वाकला. "मदत बंद केलीत तरी संपाच्याच बाजूची राहीन. पण मढं दारात ठेवून संप जिंकायचा असेल, तर मला त्यात धरू नका."

"शनिवारी पुरतायत त्याला," एलिस म्हणाला. "पूल ओलांडून जावं लागेल. आम्ही पुलावर असू. तू घरात राहा, एवढंच सांगायला आलो."

चॅपलच्या मागं मढं वाहायची चौकट असते, ती एलिसनं कुलपात टाकली. पाळक त्या महिन्यात संपासाठी मदत गोळा करायला लिव्हरपूलला गेलेले, त्यामुळे दाद मागायला कुणी नव्हतं. शवपेटी खाणीच्या सुतारानं करून पाठवली. मॅनेजरनं निरोप धाडला की बंदोबस्ताला पोलीस देतो. जिनी म्हणाली, शिपायांच्या पहाऱ्यात माझा माणूस जाणार नाही. खड्डा एवनच्या म्हाताऱ्या बापानं आणि जिनीच्या भावानं मिळून खणला.

आमच्याकडे तेव्हा अंत्ययात्रेला फक्त पुरुष जायचे. बाया उंबऱ्यापर्यंत. शनिवारी दुपारी एवनच्या घरातून शवपेटी बाहेर आली ती एका शिडीवर बांधून. शिडीला चार टोकं. पुढे उजवीकडे म्हातारा बाप, डावीकडे जिनीचा भाऊ. मागच्या एका टोकाखाली लेसामावशी आणि दुसऱ्याखाली जिनी.

मावशी बुटकी. शिडी तिच्या बाजूला कलायला लागली, तेव्हा तिनं डोक्यावरची शाल काढून, घडी घालून खांद्यावर ठेवली आणि वर शिडी घेतली. उघड्या डोक्यानं ती निघाली.

मी पुलावर होते. आईनं जाऊ नको म्हटलं होतं, तरी मी गेले. हातात झाकण होतं. दीडएकशे माणसं असतील. बहुतेक बाया, म्हातारे, आणि दक्षिणेकडे न गेलेले पन्नासेक पुरुष. उतारावरून ते चौघं खाली येताना दिसले आणि बडवणं सुरू झालं. मीही बडवलं. मावशी आहे हे दिसत असून बडवलं. पावसानं रस्ता निसरडा झाला होता. त्यांची पावलं जुळत नव्हती, शिडी हिंदकळत होती आणि दर हिंदकळ्याला हुर्यो वाढत होता.

"लेसा, धुतल्यावर पावडर लावलीस का त्याला?" एक बाई ओरडली.

"ह्यूला कळव ग, त्याच्या जागेवरून चांगली कमाई झाली!"

लोक हसले. चिखलाचं एक ढेकूळ आलं आणि शवपेटीवर फुटलं. दुसरं आलं ते मावशीच्या गालावर. तिचे दोन्ही हात शिडीला. गाल तसाच ठेवून ती चालत राहिली.

पुलाच्या तोंडाशी ग्रिफिथ एलिस होता आणि त्याच्या मागं पुरुषांची भिंत. ते चौघं त्याच्यापासून चार पावलांवर थांबले. बडवणं एकदम थांबलं. नदीला पाणी होतं, त्याचा तेवढा आवाज.

"मागं फिरा," एलिस म्हणाला. "वरच्या रस्त्यानं न्या."

वरचा रस्ता तीन मैलांचा, डोंगराच्या अंगानं. म्हाताऱ्या बापाचे गुडघे ओझ्यानं वाकायला लागले होते. शिडी खाली ठेवायची तर चिखल.

"लेसा मॉरिस, तुला सांगितलं होतं."

मी मावशीकडे बघत होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं तोंड उघडलं. शब्द नाही. मला वाटलं, झालं, बसली दातखीळ. कुणीतरी फिसकन हसलं. तिनं डोळे मिटले, ओठ हलले. प्रार्थना करत असावी. मग डोळे उघडून ती बोलली, आणि त्या चिरक्या आवाजातलं एकेक अक्षर पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"तो दगड सुटलाय हे मला माहीत होतं. ह्यूनं कळवलं होतं. महिनाभर माहीत होतं. मी जिनीला सांगितलं नाही. रागानं सांगितलं नाही." श्वास घ्यायला ती थांबली. "देवानं नाही पाडला तो. मी गप्प बसले म्हणून पडला. हे तिला सांगितलं, आता तुम्हाला सांगते."

मग तिनं नजर एलिसवर आणली.

"ग्रिफिथ एलिस, तुमची जागा ह्यूच्या लगत होती. सोळा वर्षं."

एवढंच. तिनं विचारलं काहीच नाही.

एलिसच्या चेहऱ्यात फरक पडला नाही. पण त्याच्या मागच्या पुरुषांत हालचाल झाली. त्यांतल्या कितीतरी जणांनी त्याच पायरीवर काम केलं होतं. मी माझ्या वडलांकडे पाहिलं. ते छातीच्या दुखण्यामुळं दक्षिणेला गेले नव्हते आणि त्या भिंतीत उभे होते. ते आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांनाही माहीत होतं. तेव्हा मला कळलं की इथं उभ्या असलेल्या बऱ्याच जणांना ती भेग माहीत होती, आणि एवन तिच्याखाली सव्वादोन महिने घण मारत होता, आणि रोज संध्याकाळी आम्ही झाकणं बडवत होतो.

म्हाताऱ्याचा एक गुडघा टेकायला आला. जिनीचा भाऊ कळवळून म्हणाला, "बाबा, धरा."

मावशीनं पाऊल उचललं. सरळ एलिसच्या दिशेनं. तिच्याबरोबर जिनीनं उचललं, आणि शिडी पुढं सरकली म्हणून पुढच्या दोघांनाही चालावं लागलं. तिसऱ्या पावलाला म्हातारा एलिसला जवळजवळ भिडला. एलिस जागचा हलला नाही. पण त्याच्या डाव्या हाताचा एक माणूस मागं सरला, मग त्याच्या मागचा, आणि कठड्याला लागून शिडीपुरती वाट झाली. त्या फटीतून ते गेले. जाताना शिडीचं टोक एलिसच्या बाहीला घासलं.

कुणी टोपी काढली का? दोघातिघांनी काढली. माझ्या वडलांनी काढली. खांदा द्यायला मात्र कुणी पुढं आलं नाही. मीही नाही. नदीपलीकडचा चढ त्या चौघांनीच चढला, दोनदा थांबून.

दफनभूमी पुलावरून दिसते. तिथं ते चौघंच होते. खड्ड्यापाशी त्यांनी शिडी उतरवली, आणि मग गाण्याचा आवाज आला. मावशी गात होती. पहिलं कडवं तिनं एका सुरात धरलं आणि दुसऱ्यात सोडलं. आम्हाला सगळ्यांना ते भजन पाठ होतं. बायका-पुरुषांच्या वरच्या-खालच्या चारही आवाजांत आम्ही ते झोपेत म्हटलं असतं. आम्ही दीडशे जण पुलावर उभे राहून ऐकत होतो आणि कुणी साथ दिली नाही. शेवटचं कडवं संपेपर्यंत कुणी घरीही गेलं नाही.

मावशीला कमिटीकडून मिळणारी मदत त्याच आठवड्यात बंद झाली. आई अंधार पडला की मागच्या दारानं बटाटे ठेवून यायची आणि दिवसा रस्त्यात बहिणीशी बोलायची नाही. मी तशीच. पुलावरची गोष्ट कुणीतरी दक्षिणेला कळवली. ह्यूकाकांचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. मावशीनं ते मला दाखवलं नाही, वाचून दाखवलं. खांदा दिलास ते ठीक केलंस, असं लिहिलं होतं. पुढे होतं: भेगेचं मी तुला उगाच लिहिलं नव्हतं. फितुराला पत्र मी कसं लिहिणार? मला वाटलं, तू जिनीला सांगशील.

वाचून तिनं पत्राची घडी घातली. "स्पष्ट लिहायचं होतंत हो," ती पत्राला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पण मीही समजून घ्यायचं होतं." तिला रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

जिनी उन्हाळ्यात भावाबरोबर लिव्हरपूलला गेली. निघताना ती मावशीच्या दाराशी थांबली. माफ केलं, असं म्हणाली नाही. तिनं एवनचा घण मावशीपुढं केला, ह्यूच्या जागेवरचाच आहे, त्याला द्या म्हणून. मावशीनं तो घेतला.

संप पुढे आणखी दीड वर्ष चालला आणि हरला. ज्यांना मालकानं घेतलं ते एकेक करून खाली मान घालून परत गेले. ग्रिफिथ एलिस गेला नाही. त्याला बोलावलं असतं तरी तो गेला नसता. मावशीशी तो मरेपर्यंत बोलला नाही. त्याची बायको गेली तेव्हा त्यानं मढं धुवायला खालच्या गावातली बाई आणली. मात्र त्या शनिवारनंतर एवन पारीबद्दल कुणी वाईट बोलायला लागलं की तो उठून जायचा, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

जे मी पाहिलं ते चॅपलमधलं. पुलानंतरच्या रविवारी मावशी नेहमीच्या बाकावर येऊन बसली आणि त्या बाकावरची सगळी माणसं उठली. पुढच्या आणि मागच्या बाकावरचीही. भरलेल्या चॅपलच्या मधोमध तीन बाकं रिकामी आणि मधल्यावर ती एकटी, काळ्या टोपीत, पुस्तक उघडून. एप्रिल गेला, मे गेला, ती येत राहिली. आई आणि मी वरच्या सज्जात बसायचो. तिथून तिची मान दिसायची, ताठ, आणि एप्रनशी चाळा करणारे हात.

जूनमधल्या एका रविवारी, पहिलं भजन सुरू व्हायच्या आधी, आई उठली. मला वाटलं बरं वाटत नसेल. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सज्जाचा जिना उतरायला लागली, लाकडी जिना, प्रत्येक पायरी वाजणारा. सगळ्यांच्या माना वळल्या. इतकी भीती मला नंतर बाळंतपणातही वाटली नाही. मग मीही उठले आणि तिच्या मागोमाग गेले.

मावशीनं आम्हाला बघून आश्चर्य दाखवलं नाही. ती जरा सरकली. आई तिच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पाय लटपटतायत ना? पायाखालच्या फळीवर दाबून ठेव. पहिली पाच मिनिटंच होतं."

मी पाय दाबून ठेवले. मग सगळे गायला उभे राहिले आणि आम्हीही राहिलो.